पाहुण्यांनी बूट काढले

तानिबे स्टेशनातून बाहेर पडलं की समोर एकच आखूड गल्ली लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं आहेत. इनागाकींना त्या सगळ्या दुकानांचा इतिहास पाठ होता. कोणतं दुकान युद्धाआधी न्हाव्याचं होतं, कुणाच्या आजोबांनी पुरात कढई डोक्यावर धरून ती वाचवली, कोणते दोन शेजारी भाजलेल्या वाम माशाच्या धुरावरून कोर्टात गेले, सगळं. सगळी नोकरी गावच्या वाचनालयात काढल्यावर एवढं तरी येतंच. फक्त या दुकानांत शिरून जेवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

अडचण पडद्याची होती. दुकान उघडं आहे हे कळावं म्हणून दारावर कापडी पडदा टांगलेला असतो आणि तो नेमका माणसाच्या कमरेपर्यंत येतो. आत कोण बसलं आहे, जागा आहे की नाही, मालकाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, काही कळत नाही. दिसतात ते फक्त स्टुलांवरून लोंबणारे पाय. बायको गेल्यावर एकट्यासाठी भात शिजवायचा कंटाळा आला की इनागाकी या गल्लीत येत, प्रत्येक पडद्याखालचे पाय बघत टोकापर्यंत जात, आणि तसेच परत फिरून स्टेशनातले थंड भाताचे गोळे घेऊन घरी जात. पायांवरून त्यांनी काही आडाखे मात्र बांधले होते. जिथे चपला अर्ध्या निघून बोटांवर झुलताहेत तिथे जेवण चांगलं. जिथे टाचा आपटताहेत तिथे वाढायला उशीर. आणि जिथे पॉलिश केलेले बूट ओळीत स्वस्थ टेकलेले आहेत तिथे साहेबांनी सगळ्या ऑफिसला जेवायला आणलं आहे आणि कुणाला काही मजा येत नाही.

'हिसागो' हे गल्लीतलं शेवटचं दुकान. त्याच्या पडद्यापुढे एकदा ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले, तेव्हा आतून बाईचा आवाज आला.

"आत या की आता! पाय ओळखीचे झालेत."

इनागाकी जागच्या जागी थिजले. पळून जावं तर ते अधिकच वाईट दिसलं असतं. ते पडदा सारून आत गेले आणि पडद्याचीच माफी मागितली.

"कधीपासून बघतेय," कट्ट्यामागून दुकानाच्या मालकीण मिसाओबाई म्हणाल्या. "तपकिरी बूट, डाव्याची नाडी सैल. येतात, थांबतात, जातात. मला वाटलं, करवसुलीवाले पाळत ठेवतायत."

त्याला आता दोन वर्षं झाली होती. दुकान बंद असायचं तो बुधवार सोडला तर इनागाकी रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर असत. मिसाओबाई साठीच्या होत्या. नवरा गेल्यावर एकट्या दुकान चालवत होत्या. माकूल मासा घालून शिजवलेले अळूचे कंद, म्हणजे अळकुड्या, हा त्यांचा हातखंडा पदार्थ. शेजारच्या स्टुलावर टोबे बसत. ते रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. टोबेंना बाई घरच्यासारखं टाकून बोलत: "टोबेसान, ढेकर बाहेर जाऊन द्या, इथे माणसं जेवतायत." इनागाकींशी बोलताना मात्र त्यांचा सूर बदले. "सेन्सेईंना आजचा बांगडा आवडेल ना? सेन्सेईंना काय, सगळंच ठाऊक." इनागाकींना गावात सगळेच सेन्सेई, म्हणजे मास्तर, म्हणत, कुणी त्यांना कधी वावगा शब्द बोलत नसे. त्या आदराचं त्यांना अलीकडे ओझं होऊ लागलं होतं. कितीतरी संध्याकाळी त्यांना वाटे, आपल्यालाही बाईंनी एकदा ढेकरावरून बोलावं. पण त्यांना ढेकरच येत नसे.

मग वसंतात वेळापत्रक बदललं आणि जलद गाडी तानिबेला थांबेनाशी झाली. गल्लीतली गर्दी ओसरली. एका संध्याकाळी तव्यावरचा मासा उलटता उलटता मिसाओबाई म्हणाल्या, "ओबोनला पितरांना निरोप दिला की दुकान आवरते. मुलगी बोलावतेय नागोयाला. कट्ट्यावर दोनच माणसं बसणार असतील तर रोज इतका रस्सा कुणासाठी ढवळू?"

टोबेंनी हातातला साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, पेला खाली ठेवला. इनागाकींच्या मनात एकच वाक्य आलं: जाऊ नका. तोंडातून आलं ते असं: "नागोयाची हवा चांगली असते म्हणतात."

घरी जाताना टोबे त्यांना म्हणाले, "सेन्सेई, एवढी पुस्तकं वाचलीत. त्यातलं एखादं वाक्य उसनं घ्यायचं होतंत."

* * *

कुबोयामा हे गल्लीच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं स्वतःचं डुकराच्या कटलेटांचं दुकान होतं आणि आवाज असा, की फलाटावरच्या माणसालाही आज ताजं तेल आहे हे कळावं. गल्ली जगवायला त्यांनी एक तोडगा काढला होता. ओकायामाहून गाडीने पाहुणे आणायचे, त्यांना गल्लीतल्या चार दुकानांतून थोडं थोडं खाऊ घालत फिरवायचं, आणि प्रत्येक दारात दुकानाची माहिती सांगायला जाणता माणूस ठेवायचा. पर्यटन कंपनीची हाशिदा नावाची मुलगी पहिल्या खेपेला सोबत येणार होती. तिला पसंत पडलं तर दर शनिवारी गाडीभर माणसं.

"जाणता माणूस म्हणजे तुम्ही," कुबोयामांनी वाचनालयात येऊन जाहीर केलं. शांततेची पाटी त्यांच्या डोक्यावरच होती.

इनागाकींनी रीतसर तीन वेळा नकार दिला. आपला आवाज लहान आहे, आपल्याला माणसांची सवय नाही, आपण या कामाला नालायक आहोत. चौथ्यांदा ते म्हणाले, "पण चौथं दुकान कोणतं?"

"ते नवीन पॅनकेकवालं घेतोय. तरुण मुलींना आवडतं."

"हिसागो असेल तर करतो," इनागाकी म्हणाले, आणि आपण अट घातली या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला.

कुबोयामांनी डोळे बारीक केले. "बरं. पण तिथे दणकून बोला हं, सेन्सेई. तुम्ही तारीफ केलीत तर लोक मागवतील. लोकांनी मागवलं तर ती पोरगी खूश. ती खूश तर दर शनिवार आपला. मग मिसाओसान कशाला जातायत नागोयाला? सगळं तुमच्या तोंडावर आहे."

त्या दिवसापासून इनागाकींची झोप उडाली. पहिल्या तीन दुकानांची भाषणं त्यांनी एका दुपारी लिहून टाकली. हिसागोचं भाषण पंधरवडा चाललं. त्यात खाडीची भरती आली, माकूल किनाऱ्याजवळ येतात तो महिना आला, आणि "हलक्या आचेवर रश्शात माणसाचा स्वभावही उतरतो" असं एक वाक्य आलं, ते त्यांनी लाजून चारदा खोडलं आणि पाचव्यांदा ठेवलं. मग भात शिजवायच्या कुकरसमोर उभं राहून ते रोज भाषण म्हणू लागले. कुकर शिट्टी न देणारा होता, शांतपणे ऐकून घेई.

* * *

शनिवारी दुपारी पाहुणे आले. बहुतेक निवृत्त जोडपी होती. जांभळ्या टोपीतल्या एक आजी सगळ्यांच्या पुढे होत्या. हाशिदाच्या हातात पिवळं निशाण होतं.

पहिलं दुकान कुबोयामांचं. इनागाकींना त्यांचं कटलेट कौलासारखं वाटायचं, पण परक्याची तारीफ करायला काय लागतं! "तीन पिढ्या या तेलाने तानिबेच्या माणसांना गाडी चुकवायला लावली आहे," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी उभ्या कुबोयामांचे डोळे पाणावले. "असं होतं होय आमचं," ते बायकोला कुजबुजले.

उभ्याने खायच्या नूडल्सचं दुकान आलं, सळईवर कोंबडी भाजणारं दुकान आलं. इनागाकींना स्वतःचंच नवल वाटत होतं. शब्द नळ सोडल्यासारखे येत होते. पाहुण्यांनी भरपूर मागवलं. हाशिदाने मान डोलावली. टोबे काही कारण नसताना घोळक्याच्या मागे मागे चालत होते आणि प्रत्येक भाषणाला "वा!" म्हणत होते.

मग गल्लीचं टोक आलं.

हिसागोच्या दारापुढे पाणी शिंपडलं होतं. आत जाऊन इनागाकींनी पडदा एका हाताने वर धरला, घोळक्याकडे वळले आणि श्वास घेतला. खाडीची भरती जिभेच्या टोकावर होती. तेवढ्यात मागे पावलं वाजली. मिसाओबाई कट्ट्यामागून बाहेर येऊन त्यांच्या मागे, किंचित डाव्या हाताला, उभ्या राहिल्या होत्या. नवा एप्रन, नीट बसवलेले केस, समोर जुळवलेले हात. घराच्या दारात पाहुणे आले की बाई जिथे उभी राहते, नेमक्या तिथे.

इनागाकींच्या डोक्यातलं सगळं भाषण पुसलं गेलं. परक्या दुकानाची तारीफ करता येते. पण स्वतःच्या घराच्या दारात उभं राहून "आमच्याकडचं फार छान असतं हं" असं कोण म्हणतं? जीभ वळेना. पाठ मात्र आपोआप वाकली, आणि उभ्या आयुष्यात दर पाहुण्याला म्हटलेले शब्द आपोआप बाहेर आले.

"या, या. अगदी अडचणीची जागा आहे. पसाराच आहे सगळा. खायला तर तसं काहीच नाही हो, तुमच्या तोंडाला चव लागेल असं तर मुळीच नाही. पण एवढ्या लांबून आलात, तर... गोड मानून घ्या."

कुबोयामांच्या तोंडचा रंग कच्च्या कटलेटासारखा झाला.

मग जांभळ्या टोपीच्या आजी कमरेत वाकल्या. "छे छे, केवढी ही सुंदर जागा! आम्हीच मेले धडाधड येऊन तुम्हाला त्रास देतोय." मागचे सगळे वाकले. "त्रास दिला, त्रास दिला," असा एक पुटपुटाट गल्लीभर झाला. आणि मग, कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही, आजींनी उंबऱ्यात बूट काढले, वळून त्यांची टोकं दाराकडे करून नीट लावले, आणि ओल्या सिमेंटवर मोज्यांनी आत गेल्या. पाठोपाठ सगळे तसेच. एका आजोबांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो त्यांनी चटकन मुडपला. हिसागो सुरू झाल्यापासून तिथे कुणी बूट काढले नव्हते.

आजींनी पिशवीतून बहिणीसाठी घेतलेला मिठाईचा डबा काढला आणि दोन्ही हातांनी इनागाकींपुढे धरला. "अगदीच क्षुल्लक आहे, पण घरात सगळ्यांनी खा." इनागाकींनी तो घेतला. नाकारायचं कसं हे त्यांना सुचलं नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. पाहुणे स्टुलांवर, आतल्या बाकावर, मिळेल तिथे हात मांडीवर ठेवून बसले आणि गप्प राहिले. पाहुणा कधी काही मागतो का?

"काय देऊ?" मिसाओबाईंनी विचारलं.

"काही नको हो. लगेच निघायचंय."

"निदान चहा?"

"नको नको, कशाला उगाच चूल पेटवता."

चुलीवर चार पातेली रटरटत होती. अळकुड्यांचा वास दुकानभर पसरला होता आणि अंगठा मुडपलेले आजोबा तो वास डोळे मिटून घेत होते, पण "मला द्या" म्हणायला कुणी तयार नव्हतं. हाशिदाने घड्याळात पाहिलं.

कुबोयामा कोपऱ्यातून दात दाबून म्हणाले, "मागवा ना हो कुणीतरी! काय केलंत हे, सेन्सेई? हातातली मासळी खाडीत सोडलीत! पॅनकेकवाल्याला घेतलं असतं तर..."

इनागाकी मिठाईचा डबा छातीशी धरून उभे होते. चूक सुधारायची तर एवढंच म्हणायचं होतं: मंडळी, माझा गोंधळ झाला, हे काही माझं घर नाही, मी इथला गिऱ्हाईक. अगदी सोपं आणि अगदी खरं. तोंड उघडून त्यांनी बाईंकडे पाहिलं. मिसाओबाई उंबऱ्यातल्या बुटांच्या रांगेकडे बघत होत्या. मग त्यांनी इनागाकींकडे पाहिलं, डब्यापासून सैल नाडीपर्यंत, सावकाश. इनागाकींना वाटलं, संपलं. आता नागोया.

मिसाओबाईंनी हात पुसले आणि पाहुण्यांपुढे वाकल्या.

"माफ करा हं मंडळी. आमच्या ह्यांना चार माणसांत बोलायची अक्कल नाही."

टोबेंना ठसका लागला.

"छे हो," आजी म्हणाल्या, "किती विद्वान दिसतात!"

"विद्वान कसले! नाक पुस्तकात आणि बाही रश्शात. मासा गुंडाळून आलेला कागदसुद्धा वाचत बसतात, तोवर मासा गार. मी मेली कोवळं माकूल निवडून यांच्या वाटीत घालते, तर हे आधी अळकुड्या संपवणार आणि माकुलाकडे पाहुण्यासारखं बघत बसणार. पाऊस असला की छत्री इथे, नसला की घरी."

"आमचेही अगदी असेच," एक बाई म्हणाल्या आणि शेजारच्या नवऱ्याकडे बोट केलं. नवऱ्याने नम्रपणे मान हलवली.

इनागाकींनी बाहीचं टोक पाहिलं. तिथे खरंच डाग होता. त्यांचे कान इतके तापले होते की बाहेर शिंपडलेलं पाणी तिथे घातलं असतं तर वाफ निघाली असती. बायको जाऊन इतकी वर्षं झाली होती. तेव्हापासून चारचौघांत कुणी त्यांना असं नावं ठेवलं नव्हतं. एकेक आरोप ते मान खाली घालून, जपून, एखादं दुर्मिळ पुस्तक हाताळावं तसा आत ठेवून घेत होते.

"मिसाओसान," कुबोयामा गोंधळून म्हणाले, "अहो पण सेन्सेई तर आपले माहिती सांगणारे..."

"तुम्ही गप्प बसा हो," टोबेंनी त्यांच्या पायावर पाय दिला. "कटलेटं तळा तुम्ही."

"आणि आता आधी ते बूट घाला," मिसाओबाईंनी आवाज चढवला. "जमीन ओली आहे, सर्दी होईल. घरी आल्यासारखं वाटलं असेल तर घरीच आलात, पण हे दुकान आहे बरं का. इथे मी पैसे घेते. तेव्हा लाजायचं नाही. बोला, कुणाला काय?"

हशा झाला. अंगठा मुडपलेल्या आजोबांनी सगळ्यात आधी हात वर केला. "तो वास कशाचा येतोय, ते द्या." मग गलकाच झाला. अळकुड्या, बांगडा, अंड्याची गुंडाळलेली पोळी, साके. आजींनी वाटी पुसून दुसरी मागितली आणि मिठाईच्या डब्याकडे बोट करून म्हणाल्या, "तो फोडा ना, जेवणानंतर सगळ्यांना होईल." इनागाकींच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं, त्यामुळे ते उभेच होते.

"उभे काय राहिलात?" मिसाओबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. सेन्सेई हा शब्द मागे कुठेतरी गळून पडला होता. "ही ताटली आत द्या. तशी नाही, तिरकी होतेय. सांडेल."

ती सांडली.

"बघा! म्हटलं नव्हतं?" बाई सगळ्या दुकानाला उद्देशून म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की टोबेंनी पेला उचलून एकट्यानेच ओठांना लावला.

निघताना हाशिदाने वही मिटली. "दर शनिवारी चालेल का? पण दारात बोलायला हेच हवेत."

"हेच असतील," मिसाओबाई म्हणाल्या. "या वयात काही सुधारत नाहीत आता."

"म्हणजे नागोयाचं..." कुबोयामांच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडू लागला होता.

"नातवंडांनाच बोलावते सुट्टीत. मासे खाऊ देत."

पाहुणे गाडीकडे गेले. कुबोयामा आणि टोबे त्यांना निरोप द्यायला फलाटावर गेले. टोबे निदान तसं म्हणाले आणि कुबोयामांना दंडाला धरून घेऊन गेले. दुकानात उष्ट्या वाट्यांचा ढीग आणि दोन माणसं उरली.

मिसाओबाई वाट्या विसळत होत्या. पाठ इनागाकींकडे होती. तशाच त्या म्हणाल्या, "मघाशी मी... जरा जास्तच बोलले का चारचौघांत?" आवाज इतका लहान होता की तो त्यांचा वाटला नाही.

इनागाकींना पुष्कळ सांगायचं होतं. खाडीची भरती होती, हलकी आच होती, पंधरवड्याचं सगळं भाषण आता धावत परत आलं होतं. पण ती सगळी परक्याची करायची तारीफ होती.

"मीठ," ते म्हणाले.

"काय?"

"कधीकधी मीठ जास्त असतं. गुरुवारी विशेष. टोबेसान गोष्टी सांगत बसतात आणि तुमचं लक्ष नसतं."

नळ बंद झाला. मिसाओबाई वळल्या. इनागाकींनी डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा बाईंनी पातेल्यातला रस्सा चमच्यात घेतला होता आणि तो कट्ट्यावरून त्यांच्या तोंडासमोर धरला होता.

"मग आजचं सांगा."

इनागाकींनी फुंकर घातली, चाखलं, आणि नीट विचार केला.

"कमी आहे," ते म्हणाले.